एक पायरी खाली

गेल्या महिन्यात एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची कन्या आमची माजी विद्यार्थिनी. गणितात तल्लख, सध्या बी. एड. करीत असलेली. एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी तिची छायाचित्रे निघाली आणि आता तिला सारे सोडून मुंबईस जाऊन मॉडेल व्हावयाचे आहे. "सर, ती तुमचे ऐकते. दोन शब्द सांगा," गृहस्थ म्हणाले. आमच्यासारख्या मास्तराच्या जिभेवर उपदेश सदैव तयार असतो. परंतु या वेळी तो ओठांशीच थांबला, कारण शेरी लान्सिंग या अमेरिकन बाईंचे चरित्र आम्हांस आठवले.

या बाईंचा जन्म १९४४ साली शिकागो येथे झाला. आई नाझींच्या जर्मनीतून निसटून आलेली. शेरी लहान असतानाच वडील वारले. तेव्हा त्यांचा घरे-जमिनींच्या व्यवहाराचा धंदा आईने स्वतः हाती घेतला. हा धडा मुलीने घरीच गिरविला. १९६६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी घेऊन त्या लॉस एंजेलिसला गेल्या आणि तेथील वॉट्ससारख्या गरीब वस्तीतील सरकारी शाळांत गणित शिकवू लागल्या. वाचकहो, ही आमचीच बिरादरी!

पुढे त्यांनी खडू खाली ठेवला. मॅक्स फॅक्टरसारख्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांसाठी मॉडेलिंग केले आणि १९७० साली जॉन वेन यांच्या 'रिओ लोबो' या चित्रपटात भूमिकाही केली. रूप होते, संधी होती. पण आपला अभिनय बेताचा आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले. लोक हाकलून देईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. कॅमेऱ्यासमोरून उठून त्या निर्मात्यांकडे आलेल्या पटकथा वाचून अभिप्राय लिहिण्याच्या कामाला लागल्या. हे काम कमी पैशांचे. त्यात ना टाळ्या, ना छायाचित्रे. आमच्या मते त्यांच्या यशाचे मूळ येथे आहे. ढीगभर पटकथा वाचता वाचता कोणती कथा उभी राहील आणि कोणती कोसळेल, याची पारख त्यांना आली.

त्यानंतर एम. जी. एम. आणि कोलंबिया या चित्रसंस्थांत त्या चढत गेल्या. १९७९ च्या 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' या गाजलेल्या चित्रपटाच्या वेळी त्या कोलंबियात अधिकारपदावर होत्या. १९८० साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्यांना निर्मिती विभागाचे अध्यक्ष केले. हॉलिवुडच्या कोणत्याही मोठ्या स्टुडिओत हे पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९८३ पासून स्टॅन्ली जॅफी यांच्या भागीदारीत त्या स्वतंत्र निर्मात्या झाल्या. त्यांचा 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' (१९८७) तुफान चालला; मात्र एकट्या नोकरदार स्त्रीचे विपरीत चित्र रंगविल्याची टीकाही त्यावर झाली. 'द अ‍ॅक्यूज्ड' (१९८८) या चित्रपटाने अत्याचार सोसलेल्या स्त्रीलाच दोषी धरणाऱ्या समाजाला आरसा दाखविला आणि जोडी फॉस्टर यांना ऑस्कर मिळवून दिले.

१९९२ मध्ये त्या पॅरामाउंटच्या प्रमुख झाल्या. 'फॉरेस्ट गम्प', 'ब्रेव्हहार्ट' आणि फॉक्सच्या भागीदारीतील 'टायटॅनिक' या सर्वोत्कृष्ट ठरलेल्या तीन चित्रपटांचा काळ तो हाच. २००५ च्या सुमारास त्यांनी हे पदही आपण होऊन सोडले. आई कर्करोगाने गेली होती; म्हणून त्या रोगावरील संशोधनासाठी निधी उभारण्याच्या कार्यात त्या उतरल्या. आणि २००७ मध्ये त्यांनी एनकॉर्प्स नावाची संस्था काढली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात उमेदीची वर्षे घालविलेल्या मंडळींना सरकारी शाळांत गणित आणि विज्ञान शिकविण्यासाठी आणावे, हा तिचा हेतू. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या वर्गाचे ऋण त्या विसरल्या नव्हत्या.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. तरुणपणी आम्ही कविता लिहीत असू. त्या सुमार आहेत हे ओळखावयास आम्हांस वीस वर्षे लागली, आणि तेही संपादकांनी साभार परत पाठविल्यामुळे! दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका आम्ही हयातभर तपासल्या. आपली मात्र कधी तपासली नाही.

म्हणून त्या मुलीला "जाऊ नकोस" असे आम्ही म्हटले नाही. बी. एड. पूर्ण कर, ही एकच अट घातली. शिवाय सांगितले की, मुंबईत दोन वर्षे झाली की आपल्या कामाला परीक्षकासारखे प्रामाणिक गुण दे, आणि ते कमी पडले तर एक पायरी खाली उतरून नव्याने शिकावयास लाजू नकोस.

गृहस्थ किंचित नाराज होऊनच उठले. मुलगी मात्र दारात थबकली. "सर, कमी गुण पडले आणि मी परत आले, तर शाळेत मला घ्याल ना?" तिने विचारले.

नेमणुका आमच्या हाती नाहीत, हे ती जाणते. तरीही आम्ही "होय" म्हटले.