मातीच्या रंगांनी लिहिलेला इतिहास



गेरू, पिवळी माती, पांढरी माती, चुलीतला कोळसा आणि झाडाचा डिंक. गावाकडच्या घरात या वस्तू आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. आपल्या आई-आजींनी याच मातीने भिंती सारवल्या आणि रंगवल्या. त्याला कोणी कला म्हटले नाही आणि त्या माउल्यांना कोणी कलावंत म्हटले नाही. आज अशाच सामानातून जगप्रसिद्ध झालेल्या एका कष्टकऱ्याची ओळख करून घेऊ. ते ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी. नाव रोव्हर थॉमस.

त्यांचा जन्म १९२६ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात झाला. कॅनिंग नावाच्या, गुरांचे कळप हाकत नेण्याच्या लांबलचक वाटेवर ठिकठिकाणी विहिरी आहेत. त्यांतल्या ३३ व्या विहिरीजवळचा हा जन्म. लहान वयातच ते उत्तरेकडच्या किंबर्ली भागात आले आणि गोऱ्या मालकांच्या गुरांमागे राबू लागले. घोड्यावर बसून हजारो गुरे सांभाळायची, कुंपणे घालायची, ऊनपावसात रानात झोपायचे. अशी त्यांची कित्येक वर्षे गेली.

या मजुरांना मिळत काय होते? बहुतेकांना पीठ, चहा, साखर, थोडे मांस आणि अंगावरचे कपडे. रोख मजुरी नावापुरती, कित्येकांना तीही नाही. गोऱ्या मजुराइतकी मजुरी मूलनिवासी मजुरालाही द्यावी, असा निर्णय १९६६ साली तिथल्या लवादाने दिला आणि तो डिसेंबर १९६८ पासून लागू झाला. मग अनेक मालकांनी मजुरांना कुटुंबकबिल्यासह बाहेर काढले. ज्या जमिनीवर पूर्वज राहिले, त्याच जमिनीवरून हे लोक हुसकले गेले आणि गावांच्या कडेला झोपड्या टाकून राहू लागले. टर्की क्रीक, म्हणजे आजचे वॉर्मन, ही अशीच एक वस्ती. १९७५ च्या सुमारास रोव्हर थॉमस तिथे आले.

त्याच्या आदल्याच डिसेंबरात, १९७४ च्या नाताळच्या रात्री, ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने डार्विन शहर जमीनदोस्त केले होते. आपण आपली रीत विसरलो म्हणून हा इशारा मिळाला, असे तिथल्या वडीलधाऱ्यांनी मानले. त्याच सुमारास रोव्हर यांच्या नात्यातली एक बाई मोटार अपघातात जखमी झाली आणि विमानाने इस्पितळात नेताना वारली. ती आपल्या स्वप्नात आली आणि तिने परतीच्या वाटेतली एकेक जागा आपल्याला सांगितली, असे रोव्हर म्हणत. त्यातून गाणी झाली, नाच झाला. त्याचे नाव ‘क्रिल क्रिल’. नाचणारे खांद्यावर प्लायवूडच्या रंगवलेल्या फळ्या घेत. आधी त्या फळ्या रोव्हर यांचे मामा पॅडी जामिन्जी रंगवत. पुढे रोव्हर यांनी स्वतः हातात रंग घेतला, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

रंग कुठले? डोंगरातून आणलेली तांबडी-पिवळी माती दगडावर दगडाने घोटायची, पाणी घालायचे आणि रंग पकडून राहावा म्हणून रानातल्या झाडांचा डिंक मिसळायचा. काळा रंग कोळशाचा, पांढरा पांढऱ्या मातीचा. पिवळी माती विस्तवात तापवली की तांबडी होते, कारण तिच्यातल्या लोहाच्या क्षारात धरून राहिलेले पाणी निघून जाते. अजिंठ्याच्या भिंतींवरही गेरू, पिवळी माती आणि काजळी यांचे काम आहे, हे येथे आठवावे.

त्यांच्या चित्रात माणसाचा चेहरा दिसत नाही, झाड दिसत नाही. तपकिरी, काळे, पिवळे मोठमोठे पट्टे आणि कडेने पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. याला अमूर्त चित्र म्हणतात. “यात काय आहे?” असे आपण विचारू. तलाठ्याकडचा गावनकाशा डोळ्यांसमोर आणा. त्यातही घरे-झाडे नसतात, पण ज्याला गाव ठाऊक आहे त्याला ओढा कुठे आणि वाट कुठे हे लगेच कळते. रोव्हर यांची चित्रे अशी वरून पाहिलेल्या जमिनीची आहेत.

आणि त्या जमिनीवर रक्त सांडलेले होते. रूबी प्लेन्स या गुरांच्या रानात मूलनिवाशांची कत्तल झाली आणि त्यांची मुंडकी पोकळ ओंडक्यात लपवली गेली, ही हकिगत तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. रोव्हर यांनी ती रंगवली. त्या मालिकेतले एक चित्र आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. मारणाऱ्यांनी लिहिले नाही ते मारल्या गेलेल्यांच्या माणसांनी, त्याच मुलखाच्या मातीने मांडून ठेवले.

१९९० साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातर्फे रोव्हर थॉमस आणि ट्रेव्हर निकल्स या दोघांची चित्रे लागली. मूलनिवासी चित्रकारांना हा मान प्रथमच मिळाला. त्याच वर्षी कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात अमेरिकेचे नामवंत चित्रकार मार्क रॉथ्को यांचे चित्र पाहून रोव्हर यांनी विचारले, की माझ्यासारखी चित्रे काढणारा हा कोण? “मी त्याच्यासारखी काढतो” असे ते म्हणाले नाहीत. ही ताठ मान आपल्या मुलांना जरूर सांगावी.

१९९८ साली ते वारले. २००१ साली त्यांचे मोठ्या पावसाचे एक चित्र लिलावात ७ लाख ७८ हजार ७५० ऑस्ट्रेलियन डॉलरला गेले. तेव्हा अशा पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा देणारा कायदा त्या देशात नव्हता. तो २००९ साली झाला आणि जून २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ५ टक्के हिस्सा मिळतो, मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांना. आयुष्यभर पीठ-साखरेवर राबलेल्या माणसाच्या श्रमाचे मोल इतरांच्या खिशात गेले, हे विसरून केवळ किमतीचे कौतुक करणे बरे नव्हे.

येत्या सुट्टीत घरी एक करून पाहा. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवा. गेरू बारीक वाटून फडक्यातून गाळा आणि त्या पाण्यात कालवा. पुठ्ठ्यावर पट्टा ओढून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे, तडा गेला तर जास्त आहे. मग मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा. जुनी वस्ती कुठे होती, पाणवठा कुठे होता, कोणत्या विहिरीवर मज्जाव होता, कामाला कोणत्या वाटेने जात, हे त्यांनी सांगावे आणि मुलांनी रंगवावे. चित्र सुबक आले नाही तरी चालेल. मागच्या बाजूस सांगणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका.