शस्त्रक्रियेनंतरचा वर्ग

कॉक्लियर इम्प्लांट बसविलेले मूल तपासणीच्या निःशब्द खोलीत, तज्ज्ञाने ओठ झाकून उच्चारलेले शब्द बिनचूक म्हणून दाखविते, आणि तेच मूल भरल्या वर्गात, पंखा घरघरत असता व शेजारच्या खोलीतून पाढ्यांचा कल्लोळ येत असता, सांगितलेले पान न उघडता शेजाऱ्याच्या पुस्तकाकडे पाहत राहते, तेव्हा प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा सर्वस्वी अन्यायाचा होय.

निरोगी अंतर्कर्णात ध्वनीची वार्ता मज्जातंतूंना पोहोचविणाऱ्या सुमारे 3,500 केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम 12 ते 22 विद्युदग्रांना करावे लागते, आणि वीजप्रवाह आतल्या द्रवात पसरत असल्यामुळे तेवढेही एकमेकांपासून विलग राहत नाहीत. शांततेत हे दारिद्र्य निभावते: श्राव्य कंपनांचे अवघे चार पट्टे मिळाले तरी वाक्ये ओळखता येतात, हे रॉबर्ट शॅनन व सहकाऱ्यांनी 1995 साली, श्रवणशक्ती शाबूत असलेल्या श्रोत्यांवर प्रयोग करून दाखविले. गोंगाटात मात्र एक आवाज दुसऱ्यापासून निवडण्यास जो स्वराचा सूक्ष्म तपशील लागतो, तोच येथे हरवलेला असतो. इम्प्लांटचा ध्वनी-प्रोसेसर पंख्याची एकसुरी घरघर बरीच कमी करू शकतो. परंतु गोंगाट म्हणजेच जेव्हा दुसऱ्यांचे बोलणे असते, तेव्हा त्याने राखावे काय आणि टाकावे काय?

यावरचा उपाय मुलाच्या कानात नसून बाईंच्या पदराशी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलांनी उतरतो. तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेला बिनतारी मायक्रोफोन हे अंतरच मिटवितो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळते, ही स्तुत्य गोष्ट आहे. पण शस्त्रक्रिया मंजूर करणाऱ्या त्याच कागदावर या मायक्रोफोनचीही तजवीज असावी, आणि मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसर मुलाला जुळवून देण्याच्या, वेळी गोंगाटातली चाचणी घेऊन तिचा निष्कर्ष मुख्याध्यापकांकडे लेखी जावा. बाकांच्या पायांना रबर, खिडक्यांना जाड पडदे आणि मुलाला पुढचा बाक, एवढे तर शाळेला आजही करता येईल. भिंतींवर तक्ते टांगण्याच्या आपल्या उत्साहाचा काही अंश तिकडे वळला तरी पुरे. मायक्रोफोन मात्र मुलाच्या नावे द्यावा, शाळेच्या नव्हे. जडवस्तू नोंदवहीत चढलेली वस्तू हरवेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद राहते.