डोकं खाली ठेव म्हणे!

गोल्फवर लेख म्हटल्यावर निम्म्या जणांनी पान उलटलं असणार. जिथे महिनाअखेरीस वडापावसाठी उधारी चालते त्या होस्टेलमध्ये गोल्फ? पण थांबा. मी आजवर एकाही गोल्फ क्लबचं गेट ओलांडलेलं नाही. जे काही शिकलो ते हेदवीच्या पुळणीवर, ओहोटीच्या वेळी, वाकवलेल्या सळईने.

शिकवणारे माझे मोठे काका. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असतोच. कुणी गिरणीत गेला, कुणी गोदीत, काका गेले एका गोल्फ क्लबात कॅडी म्हणून. साहेबाची बॅग खांद्यावर घेऊन अठरा होल चालायचं, झुडपात गेलेला चेंडू शोधायचा, मागेल ती काठी पुसून हातात द्यायची. सव्वीस वर्षं! साहेब कुठे चुकतोय ते पहिल्या फटक्यालाच कळायचं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि विचारायचं कोण?

गेल्या मे महिन्यात त्यांनी दहा एमएमची सळई खाली वाकवली, वर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. चेंबूरच्या वस्तीतली कॅडी पोरं अशाच सळयांनी गल्लीबोळांत प्लास्टिकचा चेंडू मारायची, त्यांचे फोटो जगभर फिरले आहेत. आमच्याकडे चेंडूही फुकट. किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली गोल फळांचा सडा पडलेला असतो.

पहिले दहा फटके हवेत. अकरावा लागला, पण फळाच्या डोक्यावरून घासला आणि ते चार हात घरंगळत गेलं. बघायला जमलेल्या पोरांपैकी एक लगेच म्हणाला, "डोकं वर उचलतोयस. डोकं खाली ठेव!" त्याने गोल्फ टीव्हीवरसुद्धा धड पाहिला नसेल, पण हा सल्ला त्याच्याकडे तयार होता. जगातल्या प्रत्येक नवख्या गोल्फरला हाच सल्ला मिळतो. आणि माझं स्पष्ट मत असं की इतका निरुपयोगी सल्ला दुसरा नाही.

का ते सांगतो. फटका फुकट गेला की चेंडू कुठे गेला ते बघायला माणूस डोकं वर करतोच. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, डोकं वर केलं म्हणून फटका गेला! स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टॅमने एलपीजीए टूरवर ७२ स्पर्धा जिंकल्या, आणि तिचं डोकं काठी चेंडूला लागण्याच्या आधीच लक्ष्याकडे वळायला लागायचं. डेव्हिड डुवलचंही तसंच. बरं, मान जबरदस्तीने खाली दाबून ठेवली तर खांदे वळायला जागाच राहत नाही, मग हात एकटे काम करतात. म्हणजे एक चूक काढायला गेलो आणि दुसरी घरात घेतली.

काकांनी डोक्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी ओल्या वाळूत काठीने एक आडवी रेघ ओढली. "फळ बाजूला ठेव. ही रेघ म्हणजे चेंडू. नुसता फिरव आणि वाळू कुठं उडते ते बघ." वाळू उडाली रेघेच्या चांगली वीतभर मागे. "बघ! तू त्याला उचलायला जातोस. उजव्या पायावर मागे रेलून खालून वर. साहेब लोकांचं अगदी हेच."

त्यात सगळा मेकॅनिक्स आहे राव. काठीचं डोकं वर्तुळाच्या कंसात फिरतं, आणि कंसाचा सगळ्यात खालचा बिंदू साधारण तुमचं वजन जिकडे असेल तिकडे सरकतो. वजन मागच्या पायावर राहिलं की तो बिंदू चेंडूच्या मागे. मग काठी एक तर आधी जमिनीत घुसते, नाहीतर वर येता येता चेंडूचं डोकं खरवडते. चेंडू उचलायची गरजच नसते. ७ नंबरच्या आयर्नचं तोंड मुळातच तीसेक अंश मागे कललेलं असतं. आपण उतरत्या कंसात मारायचं, वर न्यायचं काम तो उतार करतो. वजन डाव्या पायावर नेल्यावर चौथ्या-पाचव्या खेपेला वाळू रेघेच्या पुढे उडायला लागली.

दुसरा रोग जोराचा. काठी अशी आवळून धरायची की जणू कुणी पळवून नेतंय! स्विंग म्हणजे आपला डबल पेंड्युलम. खांद्यापासून हात हा पहिला दांडा, काठी दुसरा, मनगट ही मधली बिजागरी. आधी हात वेग घेतात, मग ते मंदावतात आणि ती ऊर्जा काठीत उतरते. मनगट वरूनच घाईने उघडलं तर काठीचा सर्वात जास्त वेग चेंडूपर्यंत पोचायच्या आधीच संपतो. चेंडू आणि काठी एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद, त्यामुळे "लागताना जोर लावला" वगैरे सगळ्या गप्पा.

आणि स्लाइस! चेंडू उजवीकडे वळतो म्हणून माणूस आणखी डावीकडे मारायला जातो. चेंडू निघतो मुख्यतः काठीचं तोंड जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तोंड व काठीचा मार्ग यांच्यातल्या कोनामुळे. (जुन्या बऱ्याच पुस्तकांत हे उलटं लिहिलेलं असायचं. रडारने मोजायला लागल्यावर गुरुजींना धडा बदलावा लागला.) म्हणजे मार्ग डावीकडे नेला आणि तोंड उघडंच राहिलं की कोन वाढणार, चेंडू आणखी वळणार. इलाज करू तेवढा आजार वाढतो.

आता कुणी म्हणेल, पुस्तकात दिलंय तसं करावं, संपलं. मग पापवा सेवगोलमचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा हा भारतीय वंशाचा कॅडी काठी उलट्या हातांनी धरायचा, उजव्याच्या खाली डावा. कुठलाही कोच पहिल्या दिवशीच दुरुस्त करील अशी "चूक". तीच पकड घेऊन त्याने १९५९, १९६० आणि १९६४ची डच ओपन जिंकली. १९६३ला नाताळ ओपन जिंकला तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता, ट्रॉफी बाहेर पावसात उभं राहून घ्यावी लागली. आपल्याकडे १९६५ साली पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने इंडियन ओपन जिंकली. त्यानंतर १९९१ साली ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, तोही दिल्लीतल्या कॅडींमधूनच वर आलेला.

आपण काय वेगळं करतो? प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं की जर्नलमध्ये "मानवी त्रुटी" लिहून मोकळे. हे आपलं "डोकं खाली ठेव". लेथवर जॉब बिघडला तर वर्कशॉपमधल्या मामांना विचारायला आपल्याला लाज वाटते, आणि न विचारता बोलायला त्यांना. टूल सेंटरला नाही हे त्यांनी आवाजावरूनच ओळखलेलं असतं.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी मी काकांना विचारलं, तुम्ही स्वतः कधी खेळलात का? "सोमवारी. क्लब बंद असायचा ना, तेव्हा आम्हाला सोडायचे." मग त्यांनी माझ्या हातातून सळई घेतली. चप्पल काढली, रेघ ओढली, रेघेवर उंडीचं फळ ठेवलं. काही जोरबिर नाही. फळ बामणघळीच्या दिशेने गेलं, आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. काका खाली वाकून वाळूतली खूण बघत होते.

"चार बोटं पुढे," ते म्हणाले, आणि दुसरं फळ शोधायला लागले.