सर्पदंशाचाही हंगाम असतो

मृगाचा पाऊस झाला की शिवारात माणसांची वर्दळ वाढते. पेरणी, भातलावणी, खुरपणी आणि मग काढणी अशी कामे दिवाळीपर्यंत चालतात. याच काळात बिळांत पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. बेडूक वाढलेले असतात. उंदीर घराच्या, गोठ्याच्या आश्रयाला येतात आणि त्यांच्यामागे साप येतो. विषारी सापांची नवी पिल्लेही याच सुमारास वावरू लागतात. ऋतू बदलला की माणूस आणि साप एकाच बांधावर येतात. त्यात दोष दोघांचाही नसतो.

याची किंमत मात्र मोठी आहे. देशातील मृत्यूंच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले. हे संकट अचानक कोसळत नाही, तारीख सांगून येते. तरीही दरवर्षी ते आपल्याला बेसावध गाठते.

महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सर्वाधिक महत्त्वाचे. घोणस व फुरसे चावल्यास सूज आणि वेदना होतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर परिणाम करते. त्यातही मण्यार फसवी. ती रात्री फिरते आणि बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना नाममात्र असते, दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास अपुरा पडू लागतो. पित्त झाले असेल म्हणून घरगुती उपाय करण्यात मोलाचे तास जातात.

मृत्यू होतात ते बहुतांशी अशा वाया गेलेल्या तासांमुळे. देवऋषाकडे विष उतरवणे, दंशावर ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने करकचून आवळणे यांतला एकही उपाय उपयोगाचा नाही. उलट हात-पाय गमावण्याची पाळी येते. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठी-बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. साप मारून आणण्याच्या नादी लागू नये. चारही सापांच्या विषावर एकच लस चालते.

ही लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असली पाहिजे, आणि ती तिथेच दिली गेली पाहिजे. लसीची रिअॅक्शन येईल या धास्तीने रुग्णाला पहिला डोस न देताच तालुक्याला, तिथून जिल्ह्याला पाठवले जाते. रिअॅक्शन येऊ शकते हे खरे. पण अॅड्रिनॅलिन हाताशी असेल तर ती बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते. वाटेत थांबलेला श्वास परत आणणे त्याहून कितीतरी अवघड असते. म्हणून लसीचा साठा, श्वासोच्छ्वासाला आधार देणारी साधने आणि डॉक्टर-परिचारिकांचा सराव ही तयारी मे महिन्यातच पूर्ण व्हायला हवी. नालेसफाई आपण पावसाआधी करतो, तसेच हे.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. प्रत्येक दंशाची नोंद व्हावी, अशी सूचनाही राज्यांना देण्यात आली. नोंद झाली तरच कुठल्या तालुक्यात किती लस लागेल हे कळेल. यात कृषी आणि ऊर्जा खात्यांचाही वाटा आहे. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून शेतकरी अंधारात पाणी धरायला जातो. दिवसा वीज देणे हाही सर्पदंश टाळण्याचाच उपाय होय.

घरातले उपाय स्वस्त आहेत. पायात गमबूट, हातात बॅटरी, झोपायला खाट, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि घराला लागून न रचलेली लाकडे. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये ही रीत अजूनही अनेक गावांत पाळली जाते. पण सापांचा हंगाम एका दिवसाचा नसतो, चार-पाच महिन्यांचा असतो. सावधपणही तेवढेच दिवस टिकले पाहिजे. गावात आणि सरकारी कपाटातही.