आकड्यांची धाव

धावणारा माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो. परंतु त्याने सांगितलेला आकडा मात्र कधी थांबत नाही. तो वर्षागणिक पुढेच जातो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. आपण अकरा मॅरेथॉन धावलो, असे ते चारचौघांत सांगतात. आता मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ साली कायमचे ठरले. कमलनगरहून पायी उदगीरला जावे आणि त्याच पायांनी परत यावे, ढोबळ मानाने तितके! अकरा वेळा हे करणाऱ्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु शिक्षकाला उत्तराबरोबर रीतही पाहण्याची खोड असते. मी तपशील विचारला.

तो असा निघाला. सहा वेळा मुंबईची 'ड्रीम रन', म्हणजे दर वेळी सुमारे सहा किलोमीटर. तीन अर्ध्या मॅरेथॉन, प्रत्येकी २१ किलोमीटरांच्या. एकदा तीस किलोमीटरांवर पाय आखडले, म्हणून गाडीतून परत. आणि एकदा नाव नोंदवले, सदरा मिळाला, पण आदल्या रात्री ताप भरला. सदरा घरी आहे, तेव्हा तीही धरलेली! वर्गातील मुलांनी बेरीज करून पाहावी. एकूण १२९ किलोमीटर भरतात. म्हणजे तीन मॅरेथॉनांचे अंतर झाले, आणि त्यांत पुरी अशी एकही नाही.

गृहस्थ खोटे बोलले काय? माझ्या मते अर्धा दोष त्यांचा आणि अर्धा आपल्या भाषेचा. तीन किलोमीटरांच्या प्रभातफेरीलाही आपण 'मिनी मॅरेथॉन' म्हणू लागलो, तेव्हाच शब्दाचे माप सैल झाले. पंढरीच्या वाटेवरही हेच. आळंदीहून निघून सारे मुक्काम चालणारा वारकरी 'वारी केली' असे सांगतो आणि केवळ दिवे घाटापुरता येऊन छायाचित्र काढून जाणाराही 'वारी केली' असेच सांगतो. (आम्हां कोंकणी माणसांना पकडलेला मासा सांगताना दोन्ही हात लागतात, तेव्हा या बाबतीत मी फार सोवळा आहे असे नाही.)

काहींनी मात्र आकडा नव्हे, शर्यतच फुगवली. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ वाटेत मोटारीत बसला. पुढे मोटार बिघडली, तेव्हा उतरून धावत मैदानात सर्वांआधी शिरला. पकडला गेल्यावर 'थट्टा केली' म्हणाला. तेथपर्यंत हसावे. परंतु १९८० साली बोस्टनला रोझी रुईझ नावाची स्त्री शर्यतीच्या अगदी अखेरीस गर्दीतून घुसली आणि विजयी ठरली. खरी विजेती कॅनडाची जॅकलीन गॅरो. आठवड्याभराने चूक सुधारून तिला पदक मिळाले. पण अंतिम रेषेवर हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या तो क्षण कोणत्या टपालाने परत पाठवायचा? आता धावणाऱ्याच्या अंगावर चिप असते आणि वाटेतल्या पट्ट्या त्याची नोंद घेतात, त्यामुळे शर्यतीत हे कठीण झाले आहे. दिवाणखान्यातल्या गप्पांत मात्र अशी पट्टी कोणी अंथरलेली नाही.

यात नुकसान होते कोणाचे? आपल्याच मैदानावर सर्वांच्या मागून, धापा टाकीत, पण फेरी पुरी करूनच थांबणारा मुलगा असतो, त्याचे. अकराचा आकडा ऐकला की त्याला स्वतःची एक शर्यत सांगण्याचीही लाज वाटते. वस्तुतः त्या गृहस्थांच्या अकरांपेक्षा त्याची एक जड आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. ऑलिंपिकची त्यांची मॅरेथॉन ती एकच. गंमत अशी की, त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. म्हणजे आजच्या मापाहून ५५५ मीटर अधिक. चौगुल्यांनी ते जादा मीटर कधी निराळे मोजले असतील असे वाटत नाही. आमच्या गृहस्थांच्या हाती ते लागते, तर त्यांतून बारावी मॅरेथॉन खचित निघाली असती.