गोलाईची प्रदक्षिणा आणि वाहनांची कोंडी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात आणि लातूरच्या गंजगोलाईत जगदंबेच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. शिरूर अनंतपाळ, निलंगा, औसा, रेणापूर या भागांतून लातुरास येणाऱ्या कुटुंबांचा या नऊ दिवसांतील क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी देवीची ओटी भरावयाची, मग सराफ्यात वा कापडाच्या दुकानात खरेदी करावयाची आणि दिवेलागणीच्या आत परतीची एस.टी. गाठावयाची. अलीकडे पुष्कळ घरांत एस.टी.ची जागा दुचाकीने आणि मोटारीने घेतली आहे. देवीच्या दाराशी आज जो पेच पडतो, त्याचे मूळ बहुतांशी या एका बदलात आहे.

गोलाईची रचना ज्याने बारकाईने पाहिली असेल, त्याला हा पेच अधिकच विचित्र वाटेल. निजामी अमदानीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी या पेठेचा आराखडा केला आणि १९१७ साली तिची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, भोवती बाजार आणि त्यास येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही मांडणी आहे. कोठे सोन्याचे दागिने, कोठे पादत्राणे, कोठे मिरची, तर कोठे गूळ. मुसलमान राजवटीतील मुसलमान रचनाकाराने आखलेल्या पेठेच्या ऐन केंद्रस्थानी देवी असावी, ही गोष्ट मराठवाड्यातील जुन्या लोकव्यवहाराविषयी बरेच काही सांगून जाते.

सोळा वाटांनी माणसे आत यावीत आणि सोळा वाटांनी पांगावीत, ही या आराखड्याची खरी शक्ती. एकच महाद्वार असलेल्या पेठेत गर्दी तुंबते. येथे ती तुंबण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी एक अट आहे. वाटा वाहत्या राहिल्या पाहिजेत. बैलगाडीच्या काळी गाडी आली, माल उतरला आणि गाडी निघाली. आज तूर-सोयाबीनचा मोठा व्यवहार बाजार समितीच्या आवारात होतो, त्यामुळे जड मालाचा भार गोलाईवरून हलका झाला. त्याच्या जागी आली ती तासन्‌तास उभी राहणारी वाहने. साधा हिशेब करावा. एक मोटार दारे उघडण्यापुरती जागा धरून सुमारे दहा चौरस मीटर रस्ता अडविते. तेवढ्या जागेत वीस भाविक दाटी न होता रांगेत उभे राहू शकतात. म्हणजे चौघांचे कुटुंब देवळाच्या पायरीपर्यंत मोटारीतून येते, तेव्हा ते इतर वीस जणांना मागे लोटून दर्शन घेते. त्या वीस जणांत कोणी अनवाणी उपवास करणारी वृद्ध माउली असेल, कोणी कडेवर मूल घेतलेली लेकुरवाळी असेल.

गर्दी वाढली की उत्सवाला दोष देण्याची आणि तो गावाबाहेर न्यावा असे सुचविण्याची प्रथा पडली आहे. शिवरात्रीला भरणारी सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा त्यासाठी पुढे केली जाते. परंतु ही तुलना मुळातच चुकीची आहे. ती यात्रा देवस्थानच्या प्रशस्त आवारात भरते. जगदंबा मात्र बाजारातच बसलेली आहे. बाहेर न्यावयाची ती वाहने.

आणि त्याची युक्ती परंपरेतच सापडते. देवास उजव्या हाती ठेवून प्रदक्षिणा घालावी, हा संस्कार लहानपणीच होतो. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून गोल चौकात वाहनानेही मध्य उजवीकडे ठेवूनच फिरावयाचे असते. म्हणजे गोलाईभोवतीचा वाहतुकीचा नियम आणि देवीची प्रदक्षिणा यांची दिशा एकच आहे! आधीपासून फिरत असलेल्याला नव्याने शिरणाऱ्याने वाट द्यावी, हा गोल चौकाचा दुसरा नियम. देवळात तोही आपण न सांगता पाळतो. चार पावले वाचविण्यासाठी उलट्या दिशेने दुचाकी घुसविणाऱ्यास सोमसूत्री प्रदक्षिणेचा आधार घेता येणार नाही, कारण अर्ध्यातून परत फिरण्याची मुभा शिवालयापुरती आहे, अंबाबाईच्या देवळात नाही.

कायद्याचे बळ कमी आहे असेही नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार विशिष्ट रस्त्यावर वाहनांना बंदी वा निर्बंध घालता येतात आणि कलम ११७ नुसार वाहनतळाच्या जागा ठरविता येतात. रस्ता अडविणाऱ्या मंडपांना परवानगी देऊ नये, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ पासूनच्या आदेशांत घेतली. ध्वनिप्रदूषणविषयक नियम तर २००० सालचे आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. उणीव आहे ती हे सारे घटस्थापनेच्या आधी एकत्र बसून ठरविण्याची. पोलीस, महापालिका, देवस्थान आणि व्यापारी यांची बैठक घट बसल्यानंतर झाली, तर तिच्यातून लाकडी कठड्यांखेरीज काही निष्पन्न होत नाही.

येथे फुले, हळदकुंकू, नारळ विकणाऱ्यांचा प्रश्न निघतो. त्यांना हुसकून लावणे सर्वांत सोपे, म्हणून तेच प्रथम केले जाते. ओटीचे साहित्य विकणारी बाई रस्त्यावर बसते ती दीड हात जागेत, आणि तिच्याशिवाय पूजाही होत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्रीय कायदा झाला असून त्यांची जागा समितीने ठरवावी, अशी तरतूद त्यात आहे. तिला एका वाटेवर ओळीने बसवावे. मोटार हलविणे अवघड वाटते म्हणून टोपली हलवू नये.

हा सोयी-गैरसोयीचा वाद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन दिवस आठवावेत. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, वाईजवळच्या मांढरदेवीस सुमारे तीनशे भाविक प्राणास मुकले. चिंचोळी चढण, दोहों बाजूंस दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि नंतर दुकानांना लागलेली आग. ३० सप्टेंबर २००८ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, जोधपूरच्या चामुंडा देवीच्या वाटेवर दोनशेहून अधिक जण चेंगरून मेले. दोन्ही ठिकाणी देवीची वाट अरुंद होती. गोलाईची वाट अरुंद नाही. ती आपण वाहने उभी करून अरुंद करतो. सोळांपैकी निदान एक रस्ता नऊही दिवस रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबासाठी पूर्ण रिकामा राहिला पाहिजे. तेथे पाच मिनिटांसाठी म्हणून उभी केलेली दुचाकीही अपराध मानली जावी.

वाहनाविना देवीकडे जाणे आपल्या लोकांना अवघड वाटते, असे तरी कसे म्हणावे? कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर मार्गावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते आणि तो रस्ता रात्रंदिवस पायी भाविकांचा होतो. लातूर भागातूनही कित्येक जण तुळजापूरची वाट पायीच धरतात. जो मनुष्य भवानीसाठी कोसच्या कोस तुडवितो, त्याला गोलाईसाठी अर्धा मैल चालणे जड जाऊ नये. अपंग व अतिवृद्ध यांच्यासाठी मात्र ठरावीक रिक्षांची सोय असावी; तेवढा अपवाद हवाच.

आता शिरूर अनंतपाळविषयी दोन शब्द. याच जिल्ह्यात शिरूर ताजबंद आहे, पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे; आपल्या शिरूरची ओळख अनंतपाळाच्या नावाने होते. तालुक्याचे ठिकाण झाल्यापासून कचेरीच्या कामासाठी खेडोपाडीची माणसे येथे येऊ लागली, आणि बाजार व सण एकाच दिवशी आला की सारा भार मुख्य रस्त्यावर पडतो. गोलाईसारखा आराखडा येथे कोणी आखून ठेवलेला नाही. सोळा वाटांची चैनही नाही. मात्र वस्तीच्या कडेला मोकळी जागा अद्याप शिल्लक आहे, आणि लातुरास आज हीच गोष्ट पैसे मोजूनही मिळत नाही. नगरपंचायतीने त्यांतील एखादी जागा वाहनतळासाठी आताच राखून ठेवावी. पुढील आश्विनापर्यंत तेथे मुरूम टाकून, दोन दिवे आणि पाण्याची टाकी बसविली तरी आरंभास पुरे आहे.