पालकांची आस्था आणि कोयत्याचा हिशेब

मूल अभ्यासात मागे पडले की पालकांच्या अनास्थेकडे बोट दाखवावयाचे, ही आपल्याकडील रीतच होऊन बसली आहे. मुलाशी बोलणे, त्याचे वाचन ऐकणे, शाळेत काय झाले हे विचारणे यांमुळे त्याच्या प्रगतीस बळ मिळते, यात शंका नाही. त्यासाठी पालक शिकलेलाच हवा असेही नाही. त्याला सवड मात्र हवी. आणि गरिबाच्या घरी सवड म्हणजे बुडालेली मजुरी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या. परंतु बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, आणि मुकादमाची उचल आधीच अंगावर! त्यांनी सभेस यावे कसे? हंगामी वसतिगृहामुळे मूल शाळेत टिकते, पण आईबापांना दुरावते.

तेव्हा तोडणीचा वाजवी दर आणि गावातच रोजगार, हीही शिक्षणावरचीच तरतूद होय. ती होईपर्यंत पालकांना केलेला उपदेश व्यर्थ आहे.